चिलखताला एकच काम द्या

प्रश्न असा आहे: स्वतःचा टेबलटॉप आरपीजी (टेबलाभोवती बसून, एकेक पात्र घेऊन फाशांनी खेळायचा खेळ) लिहायला घेतलाय. हल्ल्याला डी२० (वीस बाजूंचा फासा), डॅमेजला म्हणजे इजेला शस्त्राप्रमाणे डी४ ते डी१२, पात्रांचे हिट पॉइंट (डॅमेजनं कमी होतात, संपले की पात्र पडतं) १० च्या आसपास. चिलखताचे डोकं, धड, हात, पाय असे चार भाग केले आणि प्रत्येकाला वेगळं संरक्षण, वेगळा टिकाऊपणा दिला. चार विरुद्ध चार अशी लढाई खेळून पाहिली, तर ती संपता संपेना. आता नियम सुटसुटीत हवेत, पण चिलखत घातल्याचा फरक जाणवलाही पाहिजे. चिलखतानं वार चुकवावा की डॅमेज कमी करावं? प्रकार किती ठेवावेत? ढालीचं काय करावं?

आधी ते चार भाग काढून टाका. आठ जण, पाच राउंड, दर राउंडला प्रत्येकाचा एक हल्ला, म्हणजे ४० हल्ले. त्यातले निम्मे लागले तर २० वार. प्रत्येक वाराला भाग ठरवायचा फासा, त्या भागाचा आकडा शोधणं, वजाबाकी आणि टिकाऊपणाची खूण यांत पाऊण मिनिट जास्त गेलं, तरी एका लढाईत १५ मिनिटं नुसती कारकुनी झाली. बरं, या कारकुनीतून खेळाडूच्या हाती काही येतं का? वार कुठे बसणार हे फासा ठरवतो. खेळाडूनं काही निवडलं नाही, त्यामुळे त्याच्या पुढच्या चालीतही फरक पडत नाही. एखादा नियम ठेवायचा की नाही याची माझी कसोटी हीच आहे: त्यामुळे कुणाचा निर्णय बदलतो का? बदलत नसेल तर तो कितीही खराखुरा वाटला तरी कात्री लावा.

आता मुख्य मुद्दा. चिलखत तीन ठिकाणी काम करू शकतं. वार लागतो की नाही, हे ठरताना. वार लागल्यावर डॅमेज किती, हे ठरताना. किंवा एखादा वार सबंध झेलून स्वतः खर्ची पडताना. यातलं एक ठिकाण निवडा आणि चिलखताचं संरक्षण तिथेच ठेवा. बिघडलेले बहुतेक नियम तपासले तर चिलखत दोन ठिकाणी राबताना सापडतं.

पहिलं ठिकाण सगळ्यांत जुनं. १९७४ च्या डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये चिलखत नसलेल्याचा आर्मर क्लास (वार लागणं किती अवघड, ते सांगणारा आकडा) ९ आणि पत्र्याचं चिलखत अधिक ढाल असलेल्याचा २ होता. आकडा जितका लहान तितकं संरक्षण जास्त, ही उलटी गणती २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत सरळ झाली. या पद्धतीचा मोठा गुण म्हणजे ती फुकटात पडते. हल्ल्याचा डी२० कशाच्या तरी विरुद्ध टाकायचाच असतो, तो आकडा चिलखतातून आला की झालं. वाराच्या वेळी वेगळी वजाबाकी नाही.

दोष दोन. पहिला ऐकलेला असेल: हुकलेला हल्ला म्हणजे वाया गेलेली पाळी, आणि जड चिलखतवाले समोरासमोर आले की अशा पाळ्या ढिगानं येतात. दुसरा दोष कागदावर लपून राहतो. हल्ल्याला ४ चा बोनस धरा, म्हणजे डी२० अधिक ४ नं आर्मर क्लास गाठायचा. आर्मर क्लास १२ असेल तर ६५ टक्के हल्ले लागतात, १६ ला ४५, २० ला २५ आणि २४ ला ५. प्रत्येक पायरीला २० टक्के कमी होतात, म्हणून चढण एकसारखी वाटते. प्रत्यक्षात १२ वरून १६ वर जाणाऱ्याला आधीपेक्षा साधारण ३१ टक्के कमी वार लागतात, १६ वरून २० वर जाणाऱ्याला ४४ टक्के, आणि २० वरून २४ वर जाणाऱ्याला तब्बल ८० टक्के. म्हणजे आधीच सुरक्षित असलेल्याला प्रत्येक नवा बोनस जास्त फळतो. मग खेळाडू ढाल, अंगठी, मंत्र असं सगळं एकाच पात्रावर चढवतात आणि त्याला कोणी स्पर्शही करू शकत नाही. ही पद्धत घेतलीत तर कमाल आर्मर क्लास आजच लिहून टाका.

दुसरं ठिकाण डॅमेजमधून वजाबाकीचं. १९७८ च्या रुनक्वेस्ट या आरपीजीपासून ही पद्धत रुळली. ती डोळ्यांसमोर उभी राहते: तलवार लागली, पण साखळ्यांनी जोर खाल्ला. हुकलेला वार आणि चिलखतानं अडवलेला वार हे वेगळे दिसतात. गोम अशी की वजाबाकीचा आकडा लहान दिसतो आणि करामत मोठी करतो. डी६ ची सरासरी ३.५ असते. त्यातून १ वजा केला तर ती २.५ होते, २ वजा केले तर १.६७ आणि ३ वजा केले तर बरोबर १. डी४ चं आणखी वाईट: २.५ वरून ३ च्या वजाबाकीनं पाव उरतो. त्याच वेळी डी१२ मात्र ६.५ वरून ३.७५ वर थांबतो. म्हणजे ३ चं चिलखत मोठ्या कुऱ्हाडीचं चाळीसेक टक्के बळ खातं आणि खंजिराचं ९० टक्के. अशा खेळात खंजीरवाल्या खेळाडूनं करायचं काय?

दोन्ही ठिकाणं एकत्र वापरली तर परिणामांचा गुणाकार होतो. वार लागण्याचं प्रमाण अर्धं केलं आणि लागलेल्याचं डॅमेज अर्धं केलं, तर लढाई चौपट लांबते. गर्प्स या आरपीजीच्या आधीच्या आवृत्त्यांमध्ये चिलखत डॅमेजही अडवायचं आणि वार चुकवायलाही मदत करायचं. २००४ च्या चौथ्या आवृत्तीत दुसरं काम काढून टाकलं. गर्प्ससारख्या तपशिलाची हौस असलेल्या खेळालाही ते नको झालं, यावरून काय ते समजा.

अशीच दुसरी बेरीज शरीराच्या काटकपणाची. १९८६ च्या वॉरहॅमर फँटसी रोलप्लेमध्ये डॅमेजमधून चिलखत आणि पात्राचा चिवटपणा असे दोन्ही वजा व्हायचे. परिणाम असा की अंगावर चिंधी नसलेला दणकट बुटका योद्धा बहुतेक वार हसत झेलायचा, आणि ‘उघडा ड्वार्फ’ ही त्या खेळाची कायमची चेष्टा होऊन बसली. तुमच्या खेळात काटकपणा असेल तर त्याचे जादा हिट पॉइंट द्या. वजाबाकी चिलखताची एकट्याची राहू द्या.

कोणतं ठिकाण निवडायचं हे एका गोष्टीवर ठरवा: पात्रांचे आकडे पुढे किती फुगणार आहेत? हिट पॉइंट ५० वर जाणार असतील आणि राक्षस ३डी८ नं (तीन डी८ च्या बेरजेनं) मारणार असतील, तर सरासरी १३.५ मधून २ वजा करून १५ टक्केही वाचत नाहीत. चिलखत नावापुरतं उरतं. तिथे आर्मर क्लासच घ्या. तुमचे हिट पॉइंट १० च्या आसपास राहणार आहेत आणि डॅमेजला एकच फासा आहे, म्हणून तुम्हाला वजाबाकी शोभेल. तुमच्यासाठी पूर्ण नियम असा लिहीन:

हल्ला लागण्यासाठी १० अधिक लक्ष्याची चपळाई (० ते ३) इतका आकडा गाठायचा. चिलखत या आकड्यात कधीच मिळवायचं नाही.
हलकं चिलखत: डॅमेजमधून १ वजा. चपळाई जास्तीत जास्त १ धरायची. पात्र वाहू शकतं त्या ओझ्याच्या १० जागांपैकी १ जागा.
जड चिलखत: २ वजा. चपळाई ० धरायची. ३ जागा. लपूनछपून जाता येत नाही.
ढाल: आणखी १ वजा. एक हात आणि १ जागा. वजाबाकी काहीही झालं तरी ३ च्या वर जात नाही.
डॅमेजच्या फाशावर सर्वांत मोठा आकडा पडला, तर वार फटीतून आत गेला. वजाबाकी नाही.

एवढंच. दोनच प्रकार का? कारण ० ते ३ मध्ये पायऱ्याच तेवढ्या आहेत. चामडं, गादीदार अंगरखा, साखळी, खवल्या, पट्ट्या ही नावं खेळाडूला हवी तशी घेऊ द्या, आकडा दोनांतलाच एक. यादी वाढवायचा मोह सगळ्यांना होतो, आणि याद्यांमध्ये चुकाही पिढ्यानपिढ्या चालत येतात. ‘खिळे ठोकलेलं चामडं’ हा लाडका प्रकार घ्या. ब्रिगँडिनवर (आतून पट्ट्या लावलेल्या अंगरख्यासारख्या चिलखतावर) बाहेरून दिसतात ते रिव्हेटचे माथे, आणि ते रिव्हेट आतल्या लोखंडी पट्ट्या धरून ठेवतात. नुसत्या चामड्यावर खिळे ठोकून कोणाचा जीव वाचत नाही.

शेवटच्या ओळीवर, म्हणजे फटीच्या नियमावर, जरा थांबू. वजाबाकीच्या खेळात ‘लागलेला वार किमान १ डॅमेज करतो’ असा नियम सर्रास असतो. गंमत म्हणजे सरासरीच्या हिशेबात दोन्ही नियम अगदी सारखे आहेत. डी६ विरुद्ध ३ चं चिलखत घ्या. किमान १ च्या नियमात सहा बाजूंचं डॅमेज १, १, १, १, २, ३, बेरीज ९. फटीच्या नियमात ०, ०, ०, १, २, ६, बेरीज पुन्हा ९. डी४ वर दोन्हींची सरासरी १ आणि डी१२ वर ४ येते. चिलखताचा आकडा फाशाच्या बाजूंपेक्षा लहान असेल तोवर हे जुळतंच, कारण दोन्ही नियम बेरजेत चिलखताच्या आकड्याइतकीच भर घालतात.

टेबलावर मात्र दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. किमान १ मध्ये गळक्या नळासारखं एकेक हिट पॉइंट ठिबकत राहतं. फटीच्या नियमात चिलखतवाला निर्धास्त उभा असतो आणि अचानक ४ जातात. शिवाय खंजिराला त्याची जागा परत मिळते. डी४ दर चौथ्या लागलेल्या वाराला फट शोधतो, डी१२ बाराव्याला. पंधराव्या शतकात पत्र्याच्या चिलखतातल्या माणसाला खाली पाडून सांध्याच्या फटीत खुपसायला रॉन्डेल खंजीर वापरत, तेव्हा इतिहासही आपल्या बाजूनं आहे. झुंडीचा प्रश्नही इथेच सुटतो. डी४ वाले दहा लुटारू जड चिलखत अधिक ढालवाल्यावर तुटून पडले आणि त्यांचे ७५ टक्के हल्ले लागले, तर फटीच्या नियमाशिवाय एका राउंडला २ सुद्धा डॅमेज होत नाही. नियम लावला तर साडेसात होतं. दहा जणांनी घेरल्यावर पळावंसं वाटलं पाहिजे, तसं वाटतं.

आकडे तपासू. हल्ल्याला ४ चा बोनस, डॅमेज डी८, समोरच्याचे हिट पॉइंट १०. चिलखत नाही पण चपळाई २ असेल, तर ६५ टक्के हल्ले लागतात आणि प्रत्येक हल्ल्यामागे सरासरी २.९ जातात: साडेतीन हल्ल्यांत खेळ खलास. हलकं चिलखत आणि चपळाई १: सुमारे चार हल्ले. जड: साडेचार ते पाच. जड आणि ढाल: सुमारे सहा. म्हणजे सर्वांत सुरक्षित पात्र सर्वांत उघड्यापेक्षा पावणेदोन पट टिकतं. हा फरक जाणवतो आणि लढाईही तुंबत नाही. हे प्रमाण अडीचपटीच्या वर गेलं की चिलखत घालणं हा पर्याय उरत नाही, सक्ती होते.

चपळाई ३ असलेल्याला हलकं चिलखत आणि नुसता सदरा जवळपास सारखेच पडतात. ते मुद्दाम आहे. त्याला ओझ्याची एक जागा वाचवायची की नाही, एवढंच ठरवायचं असतं.

कोणी म्हणेल, चपळाई कापली म्हणजे चिलखत पुन्हा वार लागण्यात शिरलंच. शिरलं, पण किंमत म्हणून. आणि हा आकडा पात्राच्या कागदावर एकदाच लिहिला जातो, दर वाराला मोजावा लागत नाही. खरंखुरं बघायचं तर हा अन्यायच आहे. रणांगणावरचं पूर्ण पत्र्याचं चिलखत साधारण १५ ते २५ किलोचं असे, वजन अंगभर वाटलेलं असे, आणि ते घालून माणूस पळू शकत असे, कुणाच्या मदतीशिवाय घोड्यावरही चढत असे. पण खेळात किंमत नसलेलं चिलखत सगळेच घालतात. किंमती दोन किंवा तीनच ठेवा आणि त्या गेममास्टरच्या (खेळ चालवणाऱ्याच्या) डोक्यात राहतील अशाच. पोहणं, झोपणं, घालायला लागणारी १० मिनिटं, ऊन, गंज या सगळ्यांचे नियम लिहिलेत तर तिसऱ्या बैठकीपर्यंत एकही कोणाला आठवणार नाही.

टिकाऊपणाचे पॉइंट मोजू नका. त्याऐवजी तिसरं ठिकाण फक्त ढालीसाठी वापरा: डॅमेजचा फासा पडल्यावर खेळाडू म्हणू शकतो की ढाल फुटली, आणि त्या वाराचं सगळं डॅमेज रद्द. फासा पडल्यावर म्हणू द्यायचं, आधी नाही. आधी ठरवायला लावलं तर जेमतेम १ डॅमेजवर ढाल जाते, आणि एकदा पोळलेला खेळाडू पुन्हा तो नियम वापरत नाही. हा खरा निर्णय आहे: आत्ता ७ वाचवायचे, की उरलेल्या लढाईत दर वाराला १? चाणाक्ष खेळाडू पाठीवर चार ढाली बांधून येईल. म्हणून हातातली ढाल १ जागा घेते, पाठीवरची २, आणि नवी ढाल सरसावायला आख्खी पाळी लागते.

चिलखतही झिजावं अशी फारच हौस असेल, तर हल्ल्याच्या डी२० वर नैसर्गिक २० (बोनस न धरता फाशावरच २०) पडला की ते एक पायरी खाली येतं, असं ठेवा. ४० हल्ल्यांपैकी २० खेळाडूंवर झाले तर लढाईमागे सरासरी एका चिलखताला इजा होते. याला मोजायला काही लागत नाही, जडचं हलकं झालं एवढं कागदावर खोडायचं. झीज फटीच्या नियमाला मात्र जोडू नका. डी४ वाल्यांच्या झुंडीपुढे तीन-चार वारांतच चिलखत एक पायरी उतरेल.

शिरस्त्राण वेगळं हवंच असेल तर त्याला वजाबाकी देऊ नका. लढाईत एकदा नैसर्गिक २० चा (झीज किंवा दुप्पट डॅमेजवाला) वार साधा करून टाकतं, बस.

फाशानं वजाबाकी करण्याचीही एक पद्धत आहे: मॉर्क बोर्ग या आरपीजीत हलकं चिलखत डी२, मध्यम डी४ आणि जड डी६ वजा करतं. थरार आहे त्यात. पण तिथे हल्ला आणि बचाव दोन्हींचे फासे खेळाडूच टाकतात, गेममास्टरचे हात मोकळे असतात. तुमच्याकडे आधीच दर वाराला दोन फासे आहेत, तिसरा घातलात तर वाचवलेला वेळ पुन्हा गेला. आकड्यांत फायदाही किरकोळ आहे. डी६ डॅमेजमधून डी४ वजा केला तर सरासरी १.४ उरते, सरळ २ वजा केले तर १.७.

राक्षसांना चिलखत देताना हात आखडता ठेवा. किरकोळ शत्रूंना ०, सरदाराला १ किंवा २. दिलेल्या प्रत्येक १ मागे त्यांच्या हिट पॉइंटचा पाचवा हिस्सा कापा: १० चे ८, मग ६. असं केलं नाही तर चिलखत आणि हिट पॉइंट मिळून पुन्हा तोच गुणाकार होतो. गेममास्टरनं वजाबाकी लपवू नये. ‘तलवार खवल्यांवरून घसरली’ असं पहिल्याच वाराला सांगितलं की खेळाडू ढकलणं, जाळणं, पाण्यात लोटणं असले मार्ग शोधतात. चिलखताचा तेवढा उपयोग तरी व्हायलाच हवा.

डॅमेजच्या बोनसवर नजर ठेवा, नियम तिथून हळूच पोखरला जातो. ताकदीमुळे ३ चा बोनस मिळाला की ढालीसकट सगळं चिलखत पुसलं गेलं. बोनस कमाल १ ठेवा, किंवा ताकदवान पात्राला एक पायरी मोठा फासा द्या. मोठ्या प्राण्यांनाही २डी६ देऊ नका. दोन्ही फाशांवर ६ पडण्याची शक्यता ३६ मध्ये १, त्यामुळे फटीचा नियम तिथे मरतो. डी१२ द्या.

टेबलावर नेण्याआधी दोन कागदी पात्रं घेऊन दहा वेळा झुंजवा. राउंड मोजा आणि लागूनही शून्य डॅमेज झालेले वार मोजा. जड चिलखतावर डी८ नं चारातला एक वार शून्य जायला हवा, ढालीसकट आठातले तीन. लागलेल्या वारांपैकी निम्म्याहून जास्त शून्य जात असतील तर शस्त्रं लहान आहेत किंवा कुठेतरी वजाबाकी दोनदा होतेय. बहुतेक वेळा दुसरंच निघतं.

शेवटचं, वादाचं हमखास ठिकाण: नैसर्गिक २० ला डॅमेज दुप्पट होत असेल तर क्रम नियमातच लिहा. डी८ वर ५ पडले आणि चिलखत २ चं आहे. आधी दुप्पट केलं तर १० वजा २, म्हणजे ८. आधी वजाबाकी केली तर ३ ची दुप्पट ६. मी आधी दुप्पट करतो. एखादा वार तरी चिलखताला न जुमानता बसावा, आणि ‘फाशावरचा आकडा पूर्ण तयार करा, मग चिलखत वजा करा’ हा एकच क्रम बोनस असो, दुप्पट असो, सगळीकडे चालतो.